कार्डाला वर दोन टक्के: कोणतं कार्ड, खर्च कोणाचा, बिलात काय?

ताळेबंद

मोबाइल, फर्निचर, टायर, सोनं, सहलीचं बुकिंग. रक्कम पाच आकडी झाली की काउंटरवरून ठरलेलं वाक्य येतं: "रोख किंवा यूपीआय असेल तर हाच भाव, कार्डाला वर दोन टक्के." यावर काहीजण मुकाट्याने देतात, काहीजण "हे बेकायदेशीर आहे" म्हणून हुज्जत घालतात. आपल्या हातातल्या कार्डापायी दुकानदाराला नक्की किती भुर्दंड पडतो, हे दोघांनाही बहुधा ठाऊक नसतं. तो आकडा माहीत असला की बोलणं सोपं होतं, म्हणून हा धागा.

कार्ड स्वाइप झालं की दुकानदाराच्या खात्यात पूर्ण रक्कम येत नाही. बँक त्यातून मर्चंट डिस्काउंट रेट, म्हणजे एमडीआर, कापून घेते. त्यातला मोठा वाटा तुमचं कार्ड देणाऱ्या बँकेला, थोडा नेटवर्कला (व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे) आणि उरलेला मशीन देणाऱ्या बँकेला जातो. या एमडीआरवर १८% जीएसटी वेगळा. २,००० रुपयांपर्यंतच्या कार्ड व्यवहाराला मात्र हा जीएसटी माफ आहे.

आता दर.

रुपे डेबिट कार्ड आणि बँक खात्यातून केलेलं साधं यूपीआय: १ जानेवारी २०२० पासून एमडीआर शून्य.

व्हिसा किंवा मास्टरकार्डचं डेबिट: रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१७ मध्ये घातलेली कमाल मर्यादा १ जानेवारी २०१८ पासून लागू आहे. आधीच्या आर्थिक वर्षात २० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याला मशीनवर ०.४०% आणि एका व्यवहाराला जास्तीत जास्त २०० रुपये. त्याहून मोठ्या व्यापाऱ्याला ०.९०% आणि जास्तीत जास्त १,००० रुपये. क्यूआरवर दोन्हीकडे ०.१०% कमी.

क्रेडिट कार्ड: मर्यादा नाही. दर बँक आणि व्यापारी यांच्या करारावर ठरतो. साधारण दीड ते अडीच टक्के धरून चाला. कंपनीच्या नावावरची, प्रीमियम आणि परदेशी कार्डं याहून महाग पडतात.

म्हणजे ५०,०००च्या खरेदीवर दुकानदाराचा एमडीआर रुपे डेबिटला ०, व्हिसा डेबिटला फार तर २०० किंवा ४५०, आणि क्रेडिटला ७५० ते १,२५०. मागताना मात्र सरसकट हजार. सगळी मेख या 'सरसकट'मध्ये आहे.

सुट्टे_द्या

दर कळले. पण गिऱ्हाइकाकडून घेणं नियमात बसतं का? प्रत्येकजण रिझर्व्ह बँकेचं नाव घेतो, परिपत्रक कोणी दाखवत नाही.

फुकट फौजदार

डेबिट कार्डाबद्दल संदिग्धता नाही. सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने स्पष्ट लिहिलं आहे की डेबिट कार्डाने पैसे देणाऱ्याकडून टक्केवारीने शुल्क घेणं समर्थनीय नाही, बँक-व्यापारी कराराप्रमाणे त्याला परवानगी नाही, आणि असं करणाऱ्या व्यापाऱ्याशी बँकेने संबंध तोडावेत. (शून्य टक्के हप्त्यांच्या योजनांना चाप लावणारं परिपत्रक हेच.) वर उल्लेख झालेल्या डिसेंबर २०१७ च्या परिपत्रकातही बँकांना सांगितलं आहे की डेबिटचा एमडीआर व्यापाऱ्याने गिऱ्हाइकाच्या माथी मारू नये, याची खात्री करा.

दोन्ही ठिकाणी शब्द 'डेबिट' असा आहे. क्रेडिट कार्डाच्या बाबतीत मुद्दा बँक आणि दुकानदार यांच्या करारावर जातो. त्या करारात गिऱ्हाइकाकडून अधिभार घेऊ नये असं कलम बहुधा असतं, पण तुम्ही त्या कराराचे पक्षकार नसता. म्हणून क्रेडिटला "कायद्याने गुन्हा आहे" असं ओरडून उपयोग नाही. "तुमच्या बँकेच्या करारात हे बसतं का, विचारू?" हे वाक्य जास्त लागू पडतं.

आणखी एक बाजू फारशी कोणी पाहत नाही. पाकीटबंद वस्तूवर एमआरपी छापलेली असते. पॅकेज्ड कमोडिटीज नियम, २०११ प्रमाणे किरकोळ विक्रेत्याला त्याच्या वर भाव घेता येत नाही. वस्तू पूर्ण एमआरपीला विकून वर दोन टक्के लावले, तर प्रकरण वैधमापन शास्त्र विभागाकडे नेता येतं, मग कार्ड कुठलंही असो. वस्तू एमआरपीपेक्षा स्वस्त दिली असेल तर हा मुद्दा गळाला.

गल्ल्यावरून

दुकानाच्या बाजूचा हिशोब मांडतो, म्हणजे दोन टक्के हा नेहमीच निव्वळ नफा नसतो हे कळेल. आणि कधी असतो तेही.

वस्तू ५०,०००ची, जीएसटी १८% धरून. क्रेडिट कार्ड, करारातला दर १.८%. दुकानदार दोन टक्के लावून ५१,००० स्वाइप करतो. एमडीआर ५१,०००वर लागतो, ५०,०००वर नाही, म्हणजे ९१८. त्यावर जीएसटी १६५.२४. खात्यात आले ४९,९१६.७६. वरवर पाहता दुकानदारालाच ८३ रुपयांचा खड्डा.

पण दुकानदार नियमित जीएसटी भरणारा असेल तर ते १६५.२४ त्याला इनपुट क्रेडिट म्हणून, म्हणजे स्वतःच्या जीएसटीतून वजावट म्हणून, परत मिळतात. कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यापाऱ्याने उलाढालीवर ठरावीक दराने कर भरण्याची सोय) असेल तर नाही मिळत. त्यामुळे एकाच बँकेचं, एकाच दराचं मशीन असूनही शेजारच्या दोन दुकानांचा खरा खर्च वेगळा असतो.

पुढची पायरी. ते वरचे १,००० नियमाप्रमाणे बिलात यायला हवेत. जीएसटी कायद्याच्या कलम १५ प्रमाणे विक्रेत्याने गिऱ्हाइकाकडून घेतलेला आनुषंगिक खर्च मालाच्या मूल्यात धरतात, त्यावर मालाच्याच दराने कर लागतो. म्हणजे त्या हजारात १५२.५४ कराचे, दुकानदाराकडे ८४७.४६ राहिले आणि एमडीआर ९१८. सगळं कायदेशीर केलं तर दोन टक्के घेऊनही सत्तर रुपये तोटा.

मग घेतात का? कारण बहुतेक ठिकाणी बिल ५०,०००चंच फाडतात आणि स्वाइप ५१,०००चं. वरचे हजार बिलात कुठेच नाहीत. आणि डेबिट कार्डाला तेच दोन टक्के लावले की खर्च ४५९, वसुली १,०००. नफा इथे आहे.

ताळेबंद

उत्तम मांडणी. बिल आणि स्वाइपची रक्कम वेगळी असणं गिऱ्हाइकालाही महागात पडतं. विम्याचा दावा, वॉरंटी, कंपनीकडून खर्चाची भरपाई, सगळीकडे बिलाची रक्कम धरतात. ५१,००० दिल्याचा पुरावा असतो, घेतल्याचा नसतो. म्हणून एकच आग्रह धरा: जितके स्वाइप, तितक्याचं बिल. वरची रक्कम वेगळ्या ओळीत लिहा म्हटलं की पुष्कळदा ती रक्कमच गायब होते.

वजाबाकी

गिऱ्हाइकाच्या बाजूचा हिशोब राहिला. "पॉइंट मिळतात, महिना-दीड महिना पैसे वापरायला मिळतात, दोन टक्के गेले तर गेले" असं म्हणणारे बरेच आहेत.

५०,०००वर १% परतावा देणारं कार्ड: ५०० रुपये. ४५ दिवस पैसे खात्यात राहिले आणि साडेसहा टक्क्यांनी व्याज धरलं (बचत खात्यात याहून कमीच मिळतं): ४०० रुपये. बेरीज ९००. वर दिले १,०००. म्हणजे सगळं जमून आलं तरी शंभर रुपये गेले. पॉइंटांची किंमत बऱ्याच कार्डांवर एक टक्काही भरत नाही, तिथे तोटा आणखी मोठा.

दोन टक्के देणं परवडतं ते दोनच वेळा. बँकेची तात्काळ सूट पाच-दहा टक्क्यांची असेल तेव्हा, किंवा त्या खरेदीने वार्षिक खर्चाचा टप्पा गाठून कार्डाची फी माफ होणार असेल तेव्हा. तिथेही सवलतीची कमाल रक्कम आधी वाचा. "१०% सूट" याचा अर्थ बऱ्याचदा दीड-दोन हजारांवर सूट थांबते असा असतो.

'नो कॉस्ट' हप्त्यांचं गणितही याच माळेतलं. व्याज असतंच, ते सुरुवातीला सूट म्हणून वजा दाखवतात. पण त्या व्याजावरचा १८% जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्या स्टेटमेंटवर येते. शिवाय रोखीने घेतल्यावर जी घासाघीस होते ती हप्त्यांवर होत नाही. तुलना नेहमी घासाघीस झाल्यानंतरच्या रोख भावाशी करावी, पाटीवरच्या भावाशी नव्हे.

ढब्बू पैसा

यूपीआय फुकट असेल तर काही दुकानदार यूपीआयलाही दोन टक्के का मागतात? आणि "क्रेडिट कार्डवालं यूपीआय चालणार नाही" अशी पाटी का लावतात?

ताळेबंद

दोन वेगळे प्रश्न आहेत.

बँक खात्यातून केलेल्या यूपीआयला दुकानदाराला काहीच पडत नाही, तेव्हा तिथे टक्के मागायला आधार नाही. खरं कारण बहुधा उलाढाल खात्यावर दिसते हे असतं. वस्तू विकणाऱ्याला वर्षाला ४० लाख आणि सेवा देणाऱ्याला २० लाख ही जीएसटी नोंदणीची साधारण सीमा. २०२५ मध्ये कर्नाटकात छोट्या विक्रेत्यांना यूपीआयच्या जमेवरून नोटिसा गेल्या, तेव्हापासून ही धास्ती वाढली आहे. पण त्याचं ओझं गिऱ्हाइकाने उचलण्याचं कारण नाही.

पाटीचं म्हणाल तर ती समजण्यासारखी आहे. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, आणि अशा व्यवहाराला क्रेडिट कार्डासारखा एमडीआर लागतो. छोट्या व्यापाऱ्याला २,००० रुपयांपर्यंत तो माफ आहे, त्याच्या वर नाही. वॉलेटमधून दुसऱ्या ॲपच्या क्यूआरवर २,०००च्या वर पैसे दिले तर एप्रिल २०२३ पासून १.१% पर्यंत इंटरचेंज (वॉलेट किंवा कार्ड देणाऱ्याला जाणारा वाटा) आहे, तेही व्यापाऱ्याच्या बाजूने. गिऱ्हाइकाला क्यूआर एकच दिसतो, खर्च मात्र मागे काय जोडलं आहे त्यावर ठरतो.

मोठ्या रकमेसाठी सर्वात स्वस्त मार्ग लोक विसरतात: एनईएफटी. बचत खात्यातून ऑनलाइन केली तर जानेवारी २०२० पासून शुल्क नाही, आणि डिसेंबर २०१९ पासून ती चोवीस तास चालते. यूपीआयची सर्वसाधारण मर्यादा दिवसाला एक लाख असल्याने दीड-दोन लाखांच्या खरेदीला हाच उपाय. खातं दुकानाच्या नावावर आहे ना, मालकाच्या मेहुण्याच्या नावावर नाही ना, हे पैसे पाठवण्याआधी दिसणाऱ्या नावावरून तपासा. यात कार्डासारखं चार्जबॅकचं (वाद झाला तर बँकेमार्फत पैसे परत मागण्याचं) संरक्षण नाही, तेव्हा माल ताब्यात आल्यावरच पाठवलेलं बरं.

फुकट फौजदार

रोखीबद्दल एक टीप, कारण "मग रोखच द्या ना" हा सल्ला फार सहज दिला जातो. प्राप्तिकर कायद्याप्रमाणे (१९६१ च्या कायद्यात कलम २६९एसटी) एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. दंड घेणाऱ्याला, आणि तो घेतलेल्या रकमेइतका. एकाच खरेदीची तीन पावत्यांत फोड केली तरी व्यवहार एकच धरला जातो.

आता तक्रार कशी करायची ते. पैसे द्यायच्या आधी विचारा: "डेबिटला किती? क्रेडिटला किती?" उत्तर एकच आलं तर डेबिट पुढे करा आणि नियम सांगा. ऐकलं नाही आणि माल तिथूनच हवा असेल, तर पैसे द्या, पण चार्जस्लिप (कार्ड मशीनमधून निघणारी पावती) आणि बिल दोन्ही घ्या. फक्त मोबाइलवर आलेल्या मेसेजवर भागवू नका.

चार्जस्लिप नीट वाचली तर तक्रारीला लागणारं सगळं तिच्यात असतं. डोक्यावर मशीन देणाऱ्या बँकेचं किंवा कंपनीचं नाव, खाली एमआयडी म्हणजे व्यापाऱ्याचा क्रमांक, टीआयडी म्हणजे मशीनचा क्रमांक, मग कार्डाचे शेवटचे चार आकडे, सहा अक्षरी मंजुरी कोड आणि बारा आकडी आरआरएन म्हणजे व्यवहाराचा संदर्भ क्रमांक. चिप वापरली असेल तर एआयडी नावाची एक ओळ असते: व्हिसाची ए००००००००३ ने सुरू होते, मास्टरकार्डची ए००००००००४ ने, रुपेची ए००००००५२४ ने. शेजारी 'व्हिसा डेबिट' किंवा 'डेबिट मास्टरकार्ड' असं लेबल बहुधा छापलेलं असतं. कार्ड डेबिटच होतं, याचा तो छापील पुरावा. ही थर्मल स्लिप काही महिन्यांत पांढरी पडते, त्याच दिवशी फोटो काढा.

तक्रार तुमच्या बँकेकडे नव्हे, स्लिपच्या डोक्यावर ज्या बँकेचं नाव आहे तिच्याकडे. बहुतेकांचं इथे चुकतं, आणि स्वतःची बँक "व्यवहार यशस्वी आहे" असं उत्तर देऊन प्रकरण मिटवते. मजकूर तीन ओळींचा पुरे: एमआयडी, टीआयडी आणि तारीख; बिलाची रक्कम आणि स्वाइपची रक्कम; २०१३ आणि २०१७ च्या परिपत्रकांचा उल्लेख. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उडवाउडवीचं आलं, तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर लोकपालाकडे. मदतीसाठी क्रमांक १४४४८. लोकपाल दुकानदाराला हात लावत नाही, बँकेला जाब विचारतो. दुकानदाराविरुद्ध हवं असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५.

गल्ल्यावरून

यात एक व्यवहारी भर. तक्रार गेली की मशीन लगेच काढून नेत नाहीत. बँकेच्या माणसाचा दुकानाला फोन येतो, एमआयडीवर शेरा पडतो, आणि बहुतांश दुकानदार त्या गिऱ्हाइकाचे पैसे परत करून विषय संपवतात. फोन येण्याची शक्यता दिसली तरी पुष्कळजण नरमतात. त्यामुळे दुकानात आवाज चढवण्यापेक्षा स्लिपवरचा एमआयडी शांतपणे वहीत उतरवून घेणं जास्त परिणाम करतं.

आणि दुकानदारांसाठी: डेबिट आणि क्रेडिटचे दर एकत्र करून 'सरसकट १.७५%' देणारा करार सही करण्याआधी फोडून मागा. डेबिटला तुमच्याकडूनही मर्यादेपेक्षा जास्त कापता येत नाही. महिन्याच्या सेटलमेंट अहवालात कार्डाच्या प्रकाराचा रकाना असतो, तो गाळून रुपे डेबिटच्या ओळींवर कपात शून्य आहे का बघा. नसेल तर बँकेकडे वसूल करा, गिऱ्हाइकाकडे नको. मशीनचं भाडं हा वेगळा खर्च, तो एमडीआरमध्ये मिसळू नका.

सातासमुद्रापार

बाहेरची स्थिती थोडक्यात. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये १३ जानेवारी २०१८ पासून ग्राहकांच्या नेहमीच्या कार्डांवर अधिभार घेता येत नाही. कंपनीच्या कार्डांना ही बंदी नाही. युरोपात हे पचलं कारण इंटरचेंजच आधी डेबिटला ०.२% आणि क्रेडिटला ०.३% वर बांधला होता. भारतात क्रेडिटचा इंटरचेंज बांधलेला नाही, नुसती बंदी घातली तर तो खर्च सगळ्यांच्या भावात मिसळेल, रोखवाल्यांच्याही. अमेरिकेत क्रेडिटवर अधिभार बहुतेक राज्यांत चालतो, कनेक्टिकट आणि मॅसॅच्युसेट्समध्ये नाही. डेबिटवर नेटवर्कच्या नियमांनी कुठेच नाही.

भारतीय कार्ड परदेशात वापरणाऱ्यांना खरा फटका दुसरीकडे बसतो. मशीन विचारतं, "रुपयांत देणार की स्थानिक चलनात?" नेहमी स्थानिक चलन निवडा. रुपये निवडलं की दर दुकानाच्या बाजूची बँक लावते, आणि तो चढाच असतो. शिवाय व्यवहार परदेशात नोंदला गेल्यामुळे बऱ्याच भारतीय बँका वर स्वतःचं शुल्क लावतात ते वेगळंच. घरबसल्या परदेशात नोंदलेल्या संकेतस्थळावर रुपयांत पैसे दिले तरी हेच होतं.

वजाबाकी

अवांतर, पण लोक यात गोंधळतात: सगळेच वरचे पैसे दुकानदार घेत नाही.

पेट्रोल पंपावर क्रेडिट कार्डाला साधारण १% इंधन अधिभार बँकेकडून लागतो. चार्जस्लिपवर तो दिसत नाही, स्टेटमेंटवर येतो, म्हणून पंपावरच्या माणसाशी वाद घालू नका. बऱ्याच कार्डांवर तो परत मिळतो, पण ठरावीक रकमेच्या चौकटीतच, उदाहरणार्थ ४०० ते ५,०००. तीनशेचं भरलं तर माफी नाही. माफी मिळाली तरी अधिभारावरचा जीएसटी बहुधा परत येत नाही.

आयआरसीटीसीचं सुविधा शुल्क दर तिकिटाला आहे, प्रवाशाला नाही: यूपीआयने विनावातानुकूलित १० आणि वातानुकूलित २० रुपये, इतर मार्गांनी १५ आणि ३०, वर जीएसटी. क्रेडिट कार्ड निवडलं तर पेमेंट गेटवेचं शुल्क त्याच्याही वर. एकाच पीएनआरवर सगळे प्रवासी घेतले तर हे शुल्क एकदाच पडतं.

सुट्टे_द्या

शेवटची शंका. दोन टक्के देऊन घेतलेली वस्तू परत केली तर ते दोन टक्के परत मिळतात का?

गल्ल्यावरून

बिलात असतील तर मागता येतात, नसतील तर विसरा. परतावा बिलाच्या रकमेचा होतो. बऱ्याच करारांत परताव्यानंतरही बँक आधी कापलेला एमडीआर दुकानदाराला परत देत नाही, म्हणून तोही चालढकल करतो.

यातून सुटायची एक फट आहे. स्वाइप केलेल्या दिवशीच, मशीनची बॅच सेटल होण्याआधी, म्हणजे दिवसभराचे व्यवहार बँकेकडे हिशोबाला जाण्याआधी, वस्तू परत केली, तर परतावा नव्हे, 'व्हॉइड' करायला सांगा. व्हॉइडमध्ये मूळ व्यवहारच रद्द होतो, पूर्ण ५१,००० सुटतात आणि एमडीआर लागतच नाही, त्यामुळे दुकानदारही कुरकुर करत नाही. त्यासाठी मूळ स्लिपवरचा इनव्हॉइस क्रमांक आणि तेच मशीन लागतं. बॅच बहुधा रात्री आपोआप सेटल होते, तेव्हा दुकान बंद व्हायच्या आत गाठा. व्हॉइडची स्लिप वेगळी निघते, ती घेतल्याशिवाय निघू नका.